डेंग्यूचं खापर पाखरांवर कशाला?

गोदाकाठ: कालच्या पोस्टमध्ये कुणीतरी लिहिलंय, नांदूरमधमेश्वरला येणारे पाहुणे पक्षी विषाणू आणतात, त्यातूनच निफाडपासून नाशिकपर्यंत डेंग्यू पसरतो, सबब पक्षी हुसकवा. डोकंच सणकलं. डेंग्यू पाखरांत राहतच नाही. त्याचं मूळ जंगलातल्या माकडांत; तिथून चारही प्रकार वेगवेगळे माणसांत उतरले. आता शहरात त्याला ना माकड लागतं ना जंगल. माणूस, एडिस डास, पुन्हा माणूस, एवढ्यावर भागतं.

निफाडचा बागायतदार: पोस्ट माझीच आहे. वेस्ट नाईल विषाणूचं काय? १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये कावळे पटापट पडले, माणसंही दगावली. जपानी मेंदूज्वर बगळ्यांत नि डुकरांत वाढतो. किती पाठीशी घालाल? तुम्ही थंडीत फोटो काढून जाता, रात्री डास आम्हाला फोडतात.

गोदाकाठ: ते दोन्ही मान्य. पण ते क्युलेक्स डासाचे, एडिसचे नव्हेत. आणि वेस्ट नाईलच्या एका प्रथिनात एकच बदल झाला, तोच कावळ्यांच्या जिवावर उठला. पाखरंच मरतात हो!

मालेगावची लेक: २००६ ला मालेगावात चिकनगुनिया आला तेव्हा आईला भाकरी थापता येईना, परातीवर हात टेकून रडायची. १९७३ ला बार्शीत आला तो आशियाई वाणाचा विषाणू, हा आफ्रिकी. कुठल्या पक्ष्याने नाही आणला, माणसांच्या रक्तातून आला. त्याच सुमारास रियुनियन बेटावर विषाणूतल्या एका बदलाने तो टायगर डासात, म्हणजे एडिसच्याच दुसऱ्या जातीतही, रुजला.

टाकीवाला: ते राहू द्या. आमच्याकडे पाणी दिवसाआड. पिंपं भरायची नाहीत तर काय करायचं? धुराची गाडी महिन्यातून एकदा, तीही पुढच्या गल्लीपर्यंतच.

गोदाकाठ: धुराने उडते डास मरतात, अळ्या नाही.

टाकीवाला: अळ्या मला शिकवू नका! पोरीच्या प्लेटलेट्स वीस हजारांवर आल्या, चार रात्री खुर्चीत काढल्या. घरी आलो तर फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये वळवळत होत्या. पिंपं दर आठवड्याला घासायचो, ट्रे कधी ओढून पाहिलाच नाही.

निफाडचा बागायतदार: पोरगी बरी आहे ना आता? मीही शेततळ्यात गप्पी मासे सोडलेत, ते कुणी बघत नाही. बरं, डेंग्यूचं वाक्य काढतो. वेस्ट नाईलचं राहील.

मालेगावची लेक: आणि 'हुसकवा'?

निफाडचा बागायतदार: बघतो.