इंजिन उतरवून परत बसवलं, आता स्कॅनर म्हणतोय टेम्परेचर -४०! काय चुकलं असंल?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक. २०२१ च्या पुरात शाहूपुरी कुंभार गल्लीत दोन दिवस पाण्यात उभी होती, तेव्हा ऑइल, फिल्टर, सीटा सगळं करून घेतलं आणि नंतर निवांत चालली. आता हेड गॅसकेट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं म्हणून मी आणि माझ्या मित्रानं त्याच्या शेडमध्ये इंजिन खाली घेतलं, उद्यमनगरातनं हेड फेसिंग करून, म्हणजे हेडचा तळ मशीनवर सपाट करून आणलं, सगळं जोडलं. काढताना कपलरचे (वायरी जोडायच्या प्लगांचे) फोटो काढलेले पण निम्मे फोटो धूसर आलेत, त्यात काय दिसतंय ते आमचं आम्हालाच कळंना.

सेल्फ मारला की बऱ्याच वेळानं चालू होते, काळा धूर, पेट्रोलचा वास, आयडलिंगला नाचते आणि चेक इंजिन लाईट पेटलेली. ब्लूटूथवाल्या स्कॅनरवर तीन कोड, पी०११८, पी०१२३ आणि पी०१०८. कूलंटचं टेम्परेचर -४० दाखवतंय, इंजिनवर हात ठेवला तर भाजतंय! शिवाय गिअरबॉक्सकडं दोन पिनांचं एक कपलर मोकळं लोंबकळतंय, त्याची जोडी सापडंना. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं तिन्ही सेन्सर गेलेत, बदला. खर्च ऐकून घरी अजून सांगितलेलं नाही. काय करू?

पांढरारस्सा:
बदलून टाक भावा, पुरातली गाडी म्हटल्यावर सेन्सर किती दिवस टिकणार. नाहीतर भंगारातनं सेम मॉडेलचे आण, निम्म्यात काम होतंय.

वायरमनबापू:
थांबा जरा, सेन्सरला हात लावू नका. पांढरारस्सा, राग मानू नको, पण इतकी वर्षं चांगले चाललेले तीन सेन्सर इंजिन खाली घेतल्याच्या दिवशीच एकदम जातील व्हय?

तिन्ही कोड नीट वाच. कूलंट, थ्रॉटल आणि मॅप (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा), तिन्ही सेन्सरला 'हाय' म्हणतोय, म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज वर जाऊन चिकटलाय. कूलंट सेन्सरला दोन वायरी असतात. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आतनं रेझिस्टरमधून ५ व्होल्ट सोडतोय, इंजिन गार असलं की सेन्सरचा रेझिस्टन्स जास्त, तापलं की कमी, आणि त्यावरनं व्होल्टेज खालीवर होतोय. वायर तुटली किंवा अर्थिंग (निगेटिव्हची वायर) गेलं की व्होल्टेज ५ वरच राहतोय, ईसीएमला वाटतंय इंजिन -४० वर आहे, मग तो बिचारा पेट्रोल ओततोय. कोल्हापुरात -४०, रंकाळा गोठला असता की रं! तुझा काळा धूर त्यातनंच.

आता तिघांमध्ये कॉमन काय? सेन्सरचं अर्थिंग. बऱ्याच गाड्यांत ती वायर ईसीएममधनं एकच निघते आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) टेपखाली जोड मारून सगळ्या सेन्सरांना वाटलेली असते. तो जोड सुटला की सगळे एकदम बोंबलतात.

तपासायला पैसे लागत नाहीत. चावी ऑन, इंजिन बंद. कूलंट सेन्सरचं कपलर काढ आणि कपलरच्या दोन पिना छोट्या वायरनं एकमेकीला जोड. स्कॅनरवर टेम्परेचर -४० वरनं एकदम शंभराच्या वर पळालं तर वायरिंग ठीक, सेन्सर बघायचा. काहीच हललं नाही तर सिग्नलची पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लाव. आता पळालं तर अर्थिंगची वायर तुटलीय, शंभर टक्के. हे फक्त दोन पिनांच्या सेन्सरला करायचं हां. तीन पिनांचा असला की त्यात ५ व्होल्टची सप्लाय असते, ती अर्थ झाली की ईसीएमच्या जिवावर बेतू शकतंय. आणि वायरला टाचणी टोचून मीटर लावू नको, तिथनं पाणी शिरतंय. कपलरच्या मागनं पिनेला लाव.

शिरोलीनाका:
बापूंशी सहमत. मोकळ्या कपलरचं म्हणशील तर गिअरबॉक्सकडं दोन पिनांचं म्हणजे बहुतेक रिव्हर्स लाईटचा स्विच. रिव्हर्स टाकून मागं लाईट लागते का बघ. अजून एक, चावी ऑन केल्यावर ऑइलची लाल लाईट पेटायलाच पाहिजे, पेटली नाही तर प्रेशर स्विचची एकेरी वायर राहिली असणार, ती न बघता गाडी फिरवू नको. खालच्या मॉडेलला हार्नेसमध्ये काही कपलर मुळातच रिकामी असतात, त्यामुळं एखादं उरलं म्हणून लगेच घाबरायचं नाही. आणि सेन्सरचं अर्थिंग सापडंना म्हणून तिथनं वायर काढून डायरेक्ट बॉडीला बोल्ट मारायचा शहाणपणा करू नका, मी केलेला, सेल्फ मारला की थ्रॉटलचं रीडिंग उड्या मारायचं.

रंकाळाकाठ:
बापू, पाया पडतो. पिना जोडल्या, -४० हललं नाही. सिग्नल निगेटिव्हला लावला आणि सट्कन १३० च्या पुढं गेलं. मग बॅटरी काढून इनटेकच्या मागच्या बाजूची टेप सोलली, आत चार वायरींचा जोड, हिरवट-पांढरी बुरशी आलेली, हात लावला तर दोन वायरी हातातच आल्या. पुराचं पाणी टेपमध्ये बसलेलं असणार, इतके दिवस कसाबसा टिकून होता आणि इंजिन काढताना आम्ही हार्नेस ओढल्यावर गेला.

वायरमनबापू:
नुसतं घासून सोल्डर मारू नको. पाणी वायरीच्या आतनं वर चढतंय, तांबं काळं पडतंय आणि काळ्याला सोल्डर धरत नाही. लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागं काप, कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा लाव. क्रिंप करून (नळीत दाबून) सोल्डर, वरनं आत गोंद असलेली स्लीव्ह, मग कापडी टेप. आणि ओढून ताणून बांधू नको, इंजिन हलतंय, ढील पाहिजे.

रंकाळाकाठ:
झालं! चार इंच काळं निघालं. कोड डिलीट केले, अर्ध्या सेल्फला चालू, धूर बंद. फक्त एक शंका, चावी ऑन आणि इंजिन बंद असताना मॅप ९५ केपीए (किलोपास्कल, हवेचा दाब) दाखवतंय, व्हिडिओत तर १०१ सांगतात. मॅप सेन्सर खराब का?

वायरमनबापू:
आरं, व्हिडिओवाला समुद्राकाठचा असंल. आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर, इथं हवेचा दाबच ९५ च्या आसपास. १०१ दाखवला असता तर मी म्हटलो असतो सेन्सर बघ.

पांढरारस्सा:
मी भंगारवाल्याशी बोलून पण ठेवलेलं 😄

रंकाळाकाठ:
त्याला राहू दे आता. रिव्हर्स लाईट पण लागली, ते दोन पिनांचं कपलर तेच निघालं.