पालिकेची स्केटिंग रिंक नक्की कुणाची?

आठचाकी: काल 'शेजारचा बाक' यांनी लिहिलं की रिंक म्हणजे वॉर्डाचा चौक, सकाळी हास्यक्लब, नवरात्रात गरबा सगळं झालंच पाहिजे, क्लासवाल्यांनी तिची जहागीर करून ठेवलीय. राहवेना म्हणून सविस्तर लिहितोय. मंडपवाला खांबांसाठी काँक्रीटमध्ये भोकं पाडतो आणि जाताना त्यात वाळू-सिमेंट कोंबतो. ते ठिगळ महिन्याभरात उखडतं. क्वाड स्केटचं (पुढे दोन, मागे दोन चाकांचं) चाक जेमतेम 62 मिमीचं, ते तिथे अडकलं की पोरगं थेट तोंडावर. कार्पेटच्या चिकटपट्टीचा गोंद जमिनीवर राहतो तो वेगळाच. आणि रांगोळी? ती दगडाची पूड. स्केटच्या जोडीत चाकं फिरवणारी 16 बेअरिंग असतात, पूड आत शिरली की सगळी करकरायला लागतात.

शेजारचा बाक: मग भोकं बंद करा, गरबा कशाला? वाळू भरलेल्या ड्रममध्ये खांब उभे राहतात, कुठल्याही चांगल्या मंडपवाल्याला विचारा. मुद्दा टाळू नका. संध्याकाळी 5 ते 9 बॅचवर बॅच, कर भरणाऱ्याने रिंकवर पाय कधी ठेवायचा? अमेरिकेत कृष्णवर्णीयांना रिंकवर आठवड्यातून एखादीच रात्र मिळायची. 1963 मध्ये लेजर स्मिथ हा कृष्णवर्णीय स्केटर शिकागोहून वॉशिंग्टनच्या नागरी हक्कांच्या मोर्चाला स्केट्सवर गेला. इथे तर आम्हाला ती एक रात्रही नाही.

आठचाकी: फीच्या पावतीची तुलना वर्णभेदाशी! धन्य आहे. बॅच होत्या म्हणून पोरं घडली. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 3000 मीटर रिलेत भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांना कांस्य मिळालं, ते हास्यक्लबातून नाही.

ट्रायमिक्स: ते स्पीड स्केटिंग होतं साहेब, त्याला वेगळा ट्रॅक लागतो. आपली रिंक 40 बाय 20, हॉकीच्या मापाची. पदकं तिच्या नावावर खपवू नका.

खडूस कोपरा: रांगोळीवर खापर फोडताय, पण निम्मे क्लास चाकं नळाखाली धरायला लावतात त्याचं काय? स्केटमधलं 608 मापाचं बेअरिंग साध्या स्टीलचं, पाणी आत राहिलं की तांबेरलंच.

आठचाकी: नळाखाली कोण धरतं? रॉकेलमध्ये बुडवून, फिरवून, पुसून घ्यायचं. झालं.

खडूस कोपरा: झालं काय? रॉकेलने ग्रीस धुवून निघतं. वर तेल सोडलं नाही तर बेअरिंग कोरडं फिरून खरखर करतं. आधी टाचणीने रबरी सील उचला. धातूचं झाकण असेल तर ते धरून ठेवणारी बारीक C आकाराची रिंग काढा. धुवा, पूर्ण वाळवा, हलक्या तेलाचे दोन थेंब. जास्त ओतलं तर तेच तेल धूळ ओढतं.

ट्रायमिक्स: तेल कशाला, ग्रीस भरा. फिरकी थोडी जड होते, पण उघड्या रिंकवर धूळ जास्त दिवस बाहेर राहते.

खडूस कोपरा: ग्रीस! म्हणजे पोरांनी रिंकवर ट्रॅक्टर ओढायचा.

ट्रायमिक्स: पोरं नवशिकी आहेत, विक्रम मोडायला नाही आलीत. वेग कमी झाला तर मनगटं वाचतील. आणि खडखडीचं खरं कारण बेअरिंग नाहीच. स्लॅब टाकल्यावर पहिल्या दिवसातच सांधे कापायला हवेत, जाडीच्या साधारण चौथा हिस्सा खोल, म्हणजे 100 मिमी स्लॅबला 25. उशीर झाला की स्लॅब मनाला येईल तिथे तडकतो. नंतर त्या खाचेत सीलंट (खाच बुजवायचं लुकण) पृष्ठभागाच्या पातळीत भरायचा. कंत्राटदार अर्धाच भरतो, खाचेत खडी बसते. मग चाकं बदलत बसा.

शेजारचा बाक: धागा रिंक कुणाची यावर होता, बेअरिंग धुण्याच्या शिबिरावर नव्हे.

आठचाकी: बरं बाबा, रविवारी रात्री 8 ते 10 खुलं सत्र घ्या. एका वेळी 40 च्या वर माणसं नकोत, सगळे एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट. नवशिक्यांसाठी मधला भाग शंकू लावून वेगळा. हास्यक्लबवाल्यांनी बूट झटकून यावं आणि आल्याआल्या सुका मॉप मारावा. गरबा कराच, पण ड्रमवर. रांगोळी फाटकाबाहेर. आणि हे सगळं बघायला माणूस कोण ठेवणार, तेही तुम्हीच सांगा, चौक तुमचाच ना?

शेजारचा बाक: केवढे उपकार! माणूस पालिका ठेवेल, पगार आमच्याच करातून जातो.

ट्रायमिक्स: ड्रमखाली जुनं रबर टाका. पत्र्याच्या कडेने काँक्रीटवर गंजाचं कडं उमटतं, ते ॲसिडने घासायला जाल तर पृष्ठभाग खरखरीत होईल.

खडूस कोपरा: त्या रबरालाही ग्रीस लावा म्हणावं.