मदत हवी आहे : ‘रिफर्बिश्ड’ म्हणून घेतलेले एअर पिस्तूल आणि कंपनीच्या ग्राहक सेवेचे उत्तर

नमस्कार.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि गेली अडीच वर्षे ती दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात नेमबाजी करते. आम्ही बोरिवलीला राहतो आणि आठवड्यातून तीन दिवस ती वरळीच्या रेंजवर सरावाला जाते. आतापर्यंत ती क्लबचे पिस्तूल वापरत होती, परंतु तेच पिस्तूल आणखी चार मुले वापरतात. लाकडी ग्रिप एकाच्या तळव्याप्रमाणे घासून घेतली की ती दुसऱ्याच्या हातात नीट बसत नाही, त्यामुळे आता स्वतःचे पिस्तूल घ्यावे असे तिच्या सरांनी सुचवले. परदेशी बनावटीचे नवे पिस्तूल आमच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून जून महिन्यात मुंबईतल्याच एका विक्रेत्याकडून आम्ही ९२,००० रुपयांना एक वापरलेले पिस्तूल घेतले. विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फॅक्टरी रिफर्बिश्ड, सहा महिन्यांची वॉरंटी’ असे स्पष्ट लिहिले होते आणि बिलावरही ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द आहे. वाद मिटलेला नसल्याने विक्रेत्याचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही.

पिस्तूल म्हटले की पहिला प्रश्न परवान्याचा येतो, म्हणून तेवढे आधीच स्पष्ट करते. हे ४.५ मिलिमीटरचे, दाबाखालच्या हवेवर चालणारे स्पर्धेचे पिस्तूल आहे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. तरीही लोकलमधून नेताना बिलाची प्रत आणि क्लबचे ओळखपत्र मी तिच्या पेटीत ठेवतेच.

पहिले दोन आठवडे सगळे सुरळीत चालले. तिसऱ्या आठवड्यात असे दिसले की संध्याकाळी पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरून ठेवला तर सकाळी दाबाचा काटा १६० च्या आसपास आलेला असतो. शिवाय मुलीची तक्रार अशी की पाच-सात मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात केली की पहिला छर्रा वर जातो आणि पुढचे छर्रे हळूहळू मधोमध येतात. मला वाटले, मुलीचा हातच स्थिर नसेल, आणि तसे मी तिला बोलूनही दाखवले, ज्याचे आता वाईट वाटते. सरांनी पिस्तूल हातात घेतले आणि सर्वांत आधी सिलिंडरवरचा शिक्का पाहिला. त्यावर २०१२ हे वर्ष कोरलेले होते. या सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते, म्हणजे आम्ही तो विकत घेतला तेव्हाच ती संपून बराच काळ लोटला होता. सरांनी तिथल्या तिथे सगळी हवा सोडून दिली आणि तो पुन्हा भरायचा नाही अशी सक्त ताकीद दिली.

त्यानंतर मी युरोपातल्या मूळ कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल केला. आधी तक्रार क्रमांक असलेले यांत्रिक उत्तर आले. नऊ दिवसांनी दुसरे पत्र आले, ज्यात पिस्तुलाचा अनुक्रमांक, सिलिंडरवरच्या शिक्क्याचा फोटो आणि बिल मागितले होते. ते सगळे पाठवले, तर ऑगस्टमध्ये तीन आठवडे कारखाना सुट्टीसाठी बंद असल्याचे कळले. (आपल्याकडे गणपतीत पाच दिवस दुकान बंद राहिले तर आपण किती कुरकुर करतो, ते आठवले.) अखेर गेल्या आठवड्यात सविस्तर उत्तर आले. त्यात लिहिले आहे की हे पिस्तूल २०१२ मध्ये तयार झाले, २०१६ मध्ये एकदा त्यांच्या कार्यशाळेत सर्व्हिसिंगसाठी आले होते आणि त्यानंतर त्यांच्याकडे त्याची कोणतीही नोंद नाही. सिलिंडर वापरू नये. आणि पुढील मदतीसाठी भारतातल्या अधिकृत वितरकाशी संपर्क साधावा. वितरकाचे म्हणणे असे की पिस्तूल त्यांनी विकलेले नाही, त्यामुळे वॉरंटीचा प्रश्न येत नाही, मात्र पैसे भरून दुरुस्ती करून देता येईल. विक्रेता म्हणतो की ‘फॅक्टरी रिफर्बिश्ड’ म्हणजे फॅक्टरीचे सुटे भाग घालून केलेले, फॅक्टरीत केलेले नव्हे. कंपनीचे उत्तर उशिरा आले, पण निदान तिने खोटे सांगितले नाही.

माझी स्वतःची चूक मला मान्य आहे. पैसे देण्यापूर्वी अनुक्रमांक कंपनीला कळवून विचारले असते, तर हीच माहिती फुकटात मिळाली असती. पण आता पुढे काय करावे? नवा सिलिंडर घेऊन आणि वितरकाकडून दुरुस्ती करून हेच पिस्तूल ठेवावे, की पैसे परत मिळवण्यासाठी विक्रेत्याच्या मागे लागावे? आणि गळती नेमकी कुठे आहे हे घरी किंवा रेंजवर कळू शकते का? माझी भीती अनाठायी नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत तिचा मोलाचा वेळ गेला आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहिली. जिच्याजवळ प्रशिक्षक आणि सुटे भाग सगळे हजर होते तिची ही स्थिती झाली असेल, तर राज्य स्पर्धेत माझ्या मुलीने काय करायचे?


प्रतिसाद

ताई, तुमच्या सरांनी हवा सोडून दिली हे फार चांगले केले. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते आणि इथे त्याच्या जवळजवळ नव्वद पट दाब मुलीच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो. मुदत संपलेला प्रत्येक सिलिंडर फुटेलच असे नाही, परंतु तो फुटणार नाही याची हमी द्यायला आता कुणीही तयार नाही, असा त्या शिक्क्याचा अर्थ असतो. शिवाय आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांप्रमाणे सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नेमबाजाची स्वतःची असते आणि साहित्य तपासणीच्या वेळी तो पाहिला जाऊ शकतो, त्यामुळे स्पर्धेसाठीही तो निरुपयोगीच आहे.

तुम्ही सांगितलेली दोन लक्षणे मला वेगवेगळ्या दोषांची वाटतात. सिलिंडरमधली २०० बारची हवा रेग्युलेटरमधून कमी आणि स्थिर दाबाने पुढच्या कप्प्यात येते. रेग्युलेटरची बैठक झिजली असेल, तर तो पूर्ण बंद होत नाही आणि थांबलेल्या वेळात त्या कप्प्यातला दाब हळूहळू चढत राहतो. मग विश्रांतीनंतरचा पहिला छर्रा अधिक वेगाने सुटतो आणि नंतरचे पूर्ववत होतात. म्हणजे मुलीचे निरीक्षण अचूक आहे, तिची माफी मागून टाका. खात्री करायची असेल तर रेंजवर कुणाकडे वेग मोजण्याचे यंत्र असेल ते वापरा. या पिस्तुलांचा वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास असतो. सलग दहा छर्रे आणि मग दर पाच मिनिटांनी एक असे सहा छर्रे मोजले, की फरक कागदावर दिसेल. तो कागद जपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

रात्रीतून ४० बार उतरणे हा गळतीचा प्रकार आहे. त्यासाठी त्याच बनावटीचा, मुदतीतला सिलिंडर क्लबमधून मागून घ्या. एक रात्र तो पिस्तुलाला जोडून ठेवा आणि दुसऱ्या रात्री काढून वेगळा ठेवा. जोडलेला असताना दाब उतरला आणि सुटा असताना टिकला, तर दोष पिस्तुलात आहे, बहुधा एखाद्या झिजलेल्या ओ-रिंगमध्ये (सांधा हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कडीत) किंवा व्हॉल्व्हमध्ये. दोन्ही रात्री टिकला, तर दोष तुमच्या जुन्या सिलिंडरमध्येच होता. दाबाखाली असलेला कोणताही स्क्रू मात्र स्वतः सैल करू नका.

एक विचारतो, तुम्ही सिलिंडर भरता कशाने? हातपंपाने भरत असाल तर मुंबईच्या पावसाळ्यात हवेबरोबर पाण्याची वाफही आत ढकलली जाते आणि व्हॉल्व्हच्या आतल्या भागाला गंज धरतो. जून ते सप्टेंबर या काळात तरी कोरड्या हवेच्या मोठ्या टाकीवरूनच भरून घ्यावे.

कंपनीशी पत्रव्यवहार थांबवू नका, फक्त मागणी बदला. आतापर्यंत तुम्ही मदत मागितली, आता अनुक्रमांकासह पिस्तुलाचा सेवा-इतिहास कंपनीच्या लेटरहेडवर मागा. एका पत्रात एकच प्रश्न विचारावा आणि जुना तक्रार क्रमांक विषयात ठेवावा, म्हणजे प्रत्येक वेळी नवा माणूस पहिल्यापासून चौकशी करत बसत नाही.


प्रतिसाद

मी ग्राहक आयोगासमोर काम करणारी वकील आहे, त्यामुळे केवळ त्याच अंगाने लिहिते.

वापरलेली वस्तू घेतली म्हणून ग्राहकाचे हक्क संपत नाहीत. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये वस्तूच्या दर्जाविषयी खोटे विधान करणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. विक्रेत्याने ‘फॅक्टरी’ या शब्दाचा आता लावलेला अर्थ सर्वसामान्य ग्राहक लावेल का, हा प्रश्न आहे, आणि माझ्या मते त्याला तो बचाव टिकवणे जड जाईल. त्याहून भक्कम मुद्दा सिलिंडरचा आहे. ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाचा काहीही अर्थ घेतला, तरी मुदत संपलेला, वापरू नये असे निर्माताच सांगतो असा भाग त्यात बसत नाही.

प्रथम विक्रेत्याला पंधरा दिवसांची लेखी नोटीस पोचपावतीसह पाठवा आणि तिच्यात एकच ठाम मागणी ठेवा. पैसे परत हवेत की दुरुस्ती, हे आधी घरात ठरवा. दोन्ही मागितले की समोरचा चालढकल करतो. त्याने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि त्यानेही भागले नाही तर जिल्हा आयोग आहेच. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी वांद्रे पूर्वेचा मुंबई उपनगर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश फोनमधून पुसू नका, कारण ते पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असलेला बरा.

कंपनीला प्रतिवादी करण्याचा मोह टाळा. तिने तुम्हाला काही विकलेले नाही आणि तिचे पत्र हाच तुमचा सर्वांत चांगला पुरावा आहे.


धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काका, हातपंपाचा तुमचा अंदाज बरोबर निघाला. आम्ही तो जुलैभर वापरत होतो आणि तोही त्याच विक्रेत्याने ‘भेट’ म्हणून दिलेला होता.

क्लबचा सिलिंडर लावून दोन्ही रात्रींची चाचणी केली. पिस्तुलाला जोडलेला असताना दाब एका रात्रीत ३० बारने उतरला आणि सुटा असताना काटा हलला नाही, म्हणजे गळती पिस्तुलातच आहे. वेगाचाही कागद तयार झाला. विश्रांतीनंतरचे सहाही छर्रे सलग सोडलेल्या छर्ऱ्यांपेक्षा वेगवान निघाले. मुलीची माफी मागितली, आणि तिने ती दोन वडापावांच्या बोलीवर स्वीकारली.

कंपनीने या वेळी चौथ्याच दिवशी लेटरहेडवर सेवा-इतिहास पाठवला. ते पत्र, वेगाचा कागद आणि नोटीस एकत्र पाठवल्यावर विक्रेत्याचा फोन आला. पूर्ण पैसे परत देण्यास तो तयार नाही, मात्र वितरकाकडची दुरुस्ती आणि नव्या सिलिंडरचा खर्च तो देईल. पिस्तूल मुलीच्या हाताला बसले आहे आणि ग्रिपही घासून झाली आहे, त्यामुळे ही तडजोड स्वीकारण्याकडे आमचा कल आहे. अट एवढीच घातली आहे की पैसे त्याने थेट वितरकाला द्यावेत आणि काय काय बदलले त्याची यादी वितरकाने अनुक्रमांकासह लिहून द्यावी. राज्य स्पर्धेपर्यंत दुरुस्ती होईल असे दिसत नाही, तेव्हा ती क्लबच्याच पिस्तुलावर खेळेल.

एकच शंका उरली आहे. विक्रेता म्हणतो की जुना सिलिंडर परत द्या. तो द्यावा का?


प्रतिसाद

मुळीच देऊ नका, ताई. तो उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी पिस्तुलाला लागेल. शिक्क्याचे स्पष्ट फोटो काढून ठेवा, तडजोडीचे पैसे वितरकाकडे जमा होईपर्यंत सिलिंडर पुरावा म्हणून कपाटात राहू द्या, आणि मग आत हवा नाही याची सरांकडून खात्री करून घेऊन रेंजवरच्या कारागिराकडून त्याला आरपार भोक पाडून घ्या. भोक पाडलेला सिलिंडर हवाच असेल तर विक्रेत्याने खुशाल न्यावा.