मदत हवी आहे: पहाटे ४ शिवाय झोपच येत नाही

कावलेला_जीव: लोकहो लवकर सांगा, सोमवारपासून सकाळी ८ ची कंपनीची बस पकडायचीय आणि मला पहाटे ४ च्या आत डोळा लागत नाही. जायफळाचं दूध, तळपायाला तेल सगळं झालंय, ते सोडून सांगा.

हिरकणी: वय? चहा-कॉफी किती? आधीपासून असंच की आत्ता सुरू झालं?

अण्णा_कोल्हापूरकर: पहाटे ५ ला उठा, सूर्य उगवताना गच्चीवर १२ सूर्यनमस्कार. आणि जायफळ तुपात उगाळा, दुधात नाही.

कावलेला_जीव: वय ३१. कॉफी रात्री एकच. यूएस शिफ्ट होती, परवाच संपली, पण त्याचा काय संबंध? सुट्टीतही हेच व्हायचं.

निशाचर: अरे त्याचाच संबंध!! हे आधी नाही का सांगायचं. मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर साधारण २०,००० पेशींचा पुंजका असतो, तेच घड्याळ. ते २४ तासांहून थोडं जास्तच चालतं आणि रोज डोळ्यात जाणाऱ्या उजेडावर जुळतं. गजर नसेल तर जाग कधी येते तुला?

कावलेला_जीव: १२

निशाचर: मग अण्णांचं आत्ता ऐकू नकोस. जाग यायच्या २-३ तास आधी अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं, तुझं म्हणजे ९-१० ला. त्याआधीचा उजेड झोप अजून उशिरावर ढकलतो, नंतरचा अलीकडे ओढतो. आधी ११ ला उठून अर्धा तास बाहेर उजेडात जा, मग दर एक-दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे. संध्याकाळपासून दिवे मंद, ती रात्रीची कॉफी बंद.

अण्णा_कोल्हापूरकर: म्हणजे सूर्यनमस्कार वाईट??

निशाचर: वाईट कोण म्हणालं, वेळ चुकतेय म्हणतोय.

भटकी: मेलाटोनिनची गोळी (रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक) घे रे, मी जेटलॅगला झोपताना घेते.

हिरकणी: डॉक्टरांना विचारून. आणि घड्याळ अलीकडे आणायचं तर ती झोपेच्या काही तास आधी घ्यायची असते, ऐन झोपताना नाही.

फळमाशी: २०१७ चं नोबेल याच विषयाला होतं, हॉल, रॉसबॅश, यंग. माशीतल्या पीरियड जनुकाचं प्रथिन रात्री साठतं, दिवसा मोडतं, त्या चक्रावरच पेशीतलं घड्याळ चालतं.

अण्णा_कोल्हापूरकर: माशांना नोबेल, आणि आम्ही गच्चीवर.

सईची_आई: मिस्टर घोरतात, त्यावर काही आहे का कोणाकडे?

कावलेला_जीव: अहो पण सोमवारचं काय??

निशाचर: सोमवारपर्यंत नाही जमणार, निम्मंच होईल. पहिला आठवडा ११ ची वेळ मागून बघ. नाही मिळाली तर बसमध्ये काळा गॉगल लाव, ८ चा उजेड तुझ्या ९-१० च्या आधीचा, झोप उशिरावर ढकलणारा.

कावलेला_जीव: नवीन टीम आहे हो माझी, गॉगल लावून जाऊ?