ठाण्यात रोज जवळ बाळगायला .३२ पिस्तूल: कोणतं घ्यावं, पावसाळ्यात कसं जपावं?

जांभळीनाका_१:
आत्मसंरक्षणासाठी परवाना मंजूर झालाय. रोज दुकान ते घर आणि आठवड्यातून दोनदा वाशी, बहुतेक वेळा दुचाकीवरून. पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर? शर्टाखाली चपटं बसायला हवं. आणि घाम-पावसात गंज धरू नये म्हणून नेमकं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

खाडीकिनारा:
९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारं माप, म्हणून गाडी .३२ वरच येते. चपटेपणा हवा तर पिस्तूल. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर कमरेला फुगतंच. ईशापूरच्या कारखान्याचं 'अशनी' सहज मिळतं. जुन्या इम्पोर्टेडच्या मागे लागू नका: किंमत लाखांत आणि स्प्रिंग किंवा एक्स्ट्रॅक्टर (रिकामं खोकं ओढून काढणारं नख) तुटला की सुटा भाग शोधत फिरावं लागतं.

पैसे देण्याआधी दुकानातच रिकाम्या पिस्तुलाची स्लाईड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) दहा-बारा वेळा ओढून बघा. .३२ ची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक असतात, म्हणजे नळी लॉक होत नाही. स्लाईडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग एवढ्यावरच सगळं. त्यामुळे स्प्रिंग कडक असते. घामेजल्या हाताने स्लाईड पूर्ण मागे येत नसेल तर कानपूरचा 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर बघा: टायटॅनियम मिश्रधातूचा, वजन सुमारे अर्धा किलो, सहा राउंड. मात्र त्याला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागतं आणि पिस्तुलाला .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ एमएम. दोन्हींवर '.३२' लिहिलेलं असलं तरी एकाचं काडतूस दुसऱ्यात घालायचं नाही.

मॅगझिन दोन घ्या. ओठ (तोंडाच्या कडा) वाकलेलं मॅगझिन हे काडतूस अडकण्याचं पहिलं कारण असतं.

घणसोली_रेंज:
देखभालीचं सांगतो. आधी मॅगझिन काढा, मग स्लाईड ओढा, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. हा क्रम उलटा केला, तर स्लाईड पुढे जाताना मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये जातं आणि पिस्तूल रिकामं आहे असं वाटत राहतं. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवूनच सफाईला बसा.

मॅन्युअलप्रमाणे स्लाईड, नळी, स्प्रिंग सुटं करा. त्यापुढे खोलू नका. नळीत सॉल्व्हंटचा ब्रश शक्यतो चेंबरच्या बाजूने घाला, मग कापडाचे तुकडे पांढरे निघेपर्यंत फिरवा. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली काजळी साचते. ती टूथब्रशने काढा, नाहीतर रिकामं खोकं बाहेर फेकलं जात नाही. तेल स्लाईडच्या खाचांना दोन्हीकडे एकेक थेंब आणि नळीच्या बाहेरून हलका हात, बस्स. मॅगझिनच्या आत आणि फायरिंग पिनच्या भोकात तेल नको. तिथे शर्टाचे धागे चिकटून चिखल होतो, आणि तेल प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीत) झिरपलं की राउंड फुटत नाही.

गंज लागतो तो ग्रिपच्या प्लेटखाली, नेम धरायच्या पुढच्या साईटच्या कडेला आणि मॅगझिनच्या तळाशी. घामातलं मीठ तिथे बसतं. म्हणून जून ते सप्टेंबर रोज घरी आल्यावर कोरड्या कपड्याने, मग तेलाचं बोट लावलेल्या कपड्याने पुसा. ग्रिपच्या प्लेट आठवड्यातून एकदा काढा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. लॉकरमध्ये सिलिका जेलची पाकिटं ठेवा, रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरा.

नौपाडा_कायदा:
दोन मुद्दे. परवाना ठाणे जिल्ह्यापुरता, महाराष्ट्रापुरता की देशभरासाठी, ते परवान्यावर वाचा. दुसरं, परवान्याच्या सर्वसाधारण अटींनुसार खास परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र न्यायचं नाही. तेव्हा दहीहंडी आणि विसर्जनाच्या दिवशी ते घरच्या लॉकरमध्येच राहू द्या. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं आहे. निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला तर पावती जपा.

जांभळीनाका_१:
फार उपयोगी. चेंबर भरून ठेवायचं की रिकामं? आणि .३२ एसीपी मॅगझिनमध्ये अडकतं असं ऐकलं, ते का?

खाडीकिनारा:
पिस्तुलात फायरिंग पिन ब्लॉक (ट्रिगर ओढल्याशिवाय पिन पुढे जाऊ न देणारा अडसर) आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर चेंबर रिकामंच ठेवा. दुचाकीवरून पडल्यावर पिनवर धक्का बसू शकतो.

अडकण्याचं कारण काडतुसाच्या बुडाची कड. .३२ एसीपी सेमी-रिम्ड आहे, म्हणजे कड अंगापेक्षा किंचित बाहेर येते. मॅगझिनमध्ये वरच्या राउंडची कड खालच्याच्या पुढे असायला हवी. ती मागे सरकली की दोन कडा एकमेकींत अडकतात आणि वरचा राउंड पुढे जातच नाही. होलोपॉइंट, म्हणजे पोकळ टोकाचं काडतूस, लांबीला आखूड असल्याने त्यात पुढेमागे सरकायला जागा राहते, म्हणून हे जास्त होतं. पूर्ण लांबीची बॉल (गोल, भरीव टोकाची) काडतुसं भरा. स्लाईड कितीही ओढली तरी हे सुटत नाही, मॅगझिन काढून दुसरं घालावं लागतं. भरताना प्रत्येक काडतूस आधीच्याच्या कडेपुढे दाबून मग मागे सरकवा.

आणि रात्री काढून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये घालत राहू नका. रॅम्पवर (चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) आपटून गोळी खोक्यात आत दबते, दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून लांबी ताडून बघा. आखूड दिसलं तर ते वापरातून बाद करा.