सल्ला हवा: कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये डिफॉल्ट किमती (व्हॅल्यू) लिहून ठेवाव्यात का?

ऐरोलीचा_बॅकएंड
महापेला छोट्या टीममध्ये आहे. गोदामांचं स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो, रबाळे-तुर्भ्यातल्या गिऱ्हाइकांच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसतं. सेटिंग्ज वाढत चालल्यात आणि आमच्यात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, फाइलमध्ये फक्त बदललेलं ठेवा. दुसऱ्यांचं, सगळं डिफॉल्टसकट (काही लिहिलं नाही तर प्रोग्राम जी किंमत धरतो ती) लिहा, बसवायला जाणाऱ्या पोराला मॅन्युअल शोधायला नको. जाणकारांनी सांगा.

घोडबंदरकर
सगळं लिहा, पण ओळीच्या पुढे हॅश (#) लावून. ओपनएसएसएचची (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचा प्रोग्राम) फाइल तशीच येते, पोस्टग्रेस डेटाबेसचीही बरीचशी. काय काय फिरवता येतं ते तिथल्या तिथे दिसतं. गिऱ्हाइकाच्या सर्व्हर रूममध्ये नेटवर्कही धड नसतं, मॅन्युअल कुठलं उघडताय!

वाशीची_डीबीए
अर्धंच पटलं. हॅशपुढचं प्रोग्राम वाचतच नाही. अपग्रेडला बायनरी, म्हणजे प्रोग्राम स्वतः, बदलते, पण फाइलला तुम्ही हात लावलेला असला तर डेबियन लिनक्स विचारतं, जुनी ठेवू की नवी? घाईत सगळे जुनीच ठेवतात. ओपनएसएसएच 7.0 मध्ये, 2015 साली, रूट (सर्वाधिकारी युजर) लॉगिनचं डिफॉल्ट 'येस'चं 'प्रोहिबिट-पासवर्ड' झालं, म्हणजे रूटला पासवर्डने लॉगिन बंद. जुन्या फाइलीतली '#परमिटरूटलॉगिन येस' ही ओळ मात्र तशीच. ती वाचून माणूस पासवर्ड टाकत बसतो आणि सर्व्हर दारात उभा करत नाही.

हॅश काढून ठेवलंत तर दुसरंच दुखणं. मायएसक्यूएल डेटाबेसचा डिफॉल्ट कॅरेक्टर सेट (कुठली अक्षरं साठवता येतात ते) 5.7 पर्यंत लॅटिन1 होता, त्यात देवनागरी बसत नाही; 8.0 पासून युटीएफ8एमबी4 आहे. कुणी पूर्वी 'सगळं लिहून ठेवू' म्हणून लॅटिन1 ची ओळ उघडी ठेवली असेल, तर 8.0 वर केलेला नवा डेटाबेसही लॅटिन1 च होतो. त्यात 'ज्ञानेश्वर' घालायला जा, एरर येईल. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारायची सेटिंग) बंद असेल तर गुपचूप प्रश्नचिन्हं. सुधारलेलं डिफॉल्ट त्या गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाही.

मला विचाराल तर खरी किंमत प्रोग्रामलाच विचारता आली पाहिजे. ओपनएसएसएचचा सर्व्हर 'एसएसएचडी -टी' (कॅपिटल टी) दिला की लागू होणारं सगळं छापतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये 'पोस्टकॉन्फ -डी' डिफॉल्ट दाखवतो, 'पोस्टकॉन्फ -एन' फक्त फाइलीत लिहिलेलं. पोस्टग्रेसच्या 'पीजी_सेटिंग्ज' या तक्त्यात तर किंमत कुठून आली त्याचाही कॉलम आहे. तुम्हीही अशी एक कमांड द्या, फाइल छोटीच ठेवा.

घोडबंदरकर
कमांडचं मान्य. पण कमांड आहे हे त्या पोराला कोण सांगणार?

वाशीची_डीबीए
फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहा की.

ऐरोलीचा_बॅकएंड
ताई, मग डिफॉल्ट असूनही उघडं लिहावं असं काहीच नाही का?

वाशीची_डीबीए
आहे ना. जे बदललं तर गिऱ्हाईक फोन करेल ते लिहा: टाइमझोन, पोर्ट, बॅकअपची जागा, लॉग किती दिवस ठेवायचे. वर एका ओळीत कारण. 'एशिया/कोलकाता' तुमचं आजचं डिफॉल्ट असेल, उद्या कुणी युटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) केलं तर रात्रपाळीचा माल आदल्या तारखेला पडेल.

कळवा_रात्रपाळी
नमुना फाइल वेगळी द्या आणि ती कोडमधल्या डिफॉल्टच्या तक्त्यातूनच दर रिलीजला तयार करा. हाताने लिहिलेली दोन रिलीजमध्ये खोटी पडते. आणि त्या कमांडमध्ये पासवर्ड झाकायला विसरू नका, सपोर्टवाले आउटपुट सरळ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात.