पेरिमेनोपॉजमध्ये (पाळी जाण्याआधीच्या काळात) हार्मोन्सचा डोस रिपोर्ट बघून ठरवायचा की बाईला विचारून?

मोगरा

मी ४७ वर्षांची. पाळी अजून येते, पण कधी २२ दिवसांनी, कधी ५०. गेल्या दिवाळीनंतर रात्री अडीचला जाग यायला लागली. छातीतून कानापर्यंत वाफ चढायची, गाऊन भिजायचा आणि पाचच मिनिटांत हुडहुडी भरायची. पुण्यातला डिसेंबर, पंखा पाचवर आणि शेजारी नवरा दोन ब्लँकेटं घेऊन. तेही सोसलं असतं. पण माझं काम हिशेबाचं. जीएसटी रिटर्नची एकच ओळ चारचारदा वाचूनही डोक्यात शिरेना, तेव्हा मात्र मी घाबरले.

पहिल्या डॉक्टरांनी एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी, करायला लावली. ९ आलं. "सगळं नॉर्मल आहे, ताण घेऊ नका." दीड महिन्यानं दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर ४१. त्याच्या पुढच्या महिन्यात १२. या वयात अंडाशय एखादा महिना जोरात चालतं, एखादा महिना बंदच पडतं, त्यामुळे आकडा त्या दिवसापुरता असतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: ४५ च्या पुढच्या बाईचं निदान पाळी आणि लक्षणांवरून करा, एफएसएचवरून नको.

दुसऱ्या डॉक्टरांनी इस्ट्राडिओलचं (हे एक इस्ट्रोजेन) कातडीला लावायचं जेल दिलं, रोज एक माप, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम. सोबत महिन्यातले १२ दिवस रात्री २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. वाफा निम्म्या झाल्या, झोप मात्र जागेवर आली नाही. दोन महिन्यांनी म्हटलं, डोस वाढवू या. तर रक्तातली इस्ट्राडिओलची पातळी काढली, १४० आली आणि उत्तर मिळालं, "पुरेसं आहे." अहो, त्या १४० मध्ये जेलचं किती आणि माझ्या अंडाशयाचं किती, हे कोण सांगणार? दहा दिवसांनी तीच तपासणी केली असती तर आकडा वेगळा आला असता.

माझं मत स्पष्ट आहे. डोस लक्षणांवरून ठरावा. आणि डॉक्टरांनी वरची मर्यादा आखून दिली, तर एक माप की दोन, हे बाईनं स्वतः ठरवायला हरकत नसावी. मधुमेही माणूस इन्सुलिनची युनिटं कमीजास्त करतोच ना?

औषधवाला_सातारा

ताई, इन्सुलिनची तुलना मला पटत नाही. तिथे बोटाला सुई टोचली की साखर समजते. गर्भाशयाचं अस्तर जाड होतंय की नाही, हे घरी समजायला कुठलं यंत्र आहे?

माझ्या काउंटरवर रोज दिसतं ते सांगतो. पहिल्या महिन्यात जेल आणि कॅप्सूल दोन्ही नेतात. तिसऱ्या महिन्यात म्हणतात, "कॅप्सूल नको, जेल तेवढं द्या. कॅप्सूलनं गरगरतं, पोट फुगतं, आणि संपली की अंगावरून जातं." जेलनं बरं वाटतं, कॅप्सूलनं काहीच बरं वाटत नाही, मग ती आधी सुटते. पण गर्भाशय असलेल्या बाईनं नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तर वाढत जातं, आणि तिथून पुढे कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. तुम्ही जेल मनानं वाढवलंत, तर कॅप्सूलचं काय करायचं तेही मनानंच ठरवणार का? बरं वाटणं हा डोस बरोबर असल्याचा पुरावा नाही. मी जुनी चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला परत पाठवतो, तिला राग येतो, तरी पाठवतो.

रानजाई

मला या सगळ्या खटाटोपाचीच भीती वाटते. माझ्या आईची पाळी ४८ ला गेली. तिने कधी गोळी घेतली नाही, पहाटे उठून अंगणात बसायची, दोन-तीन वर्षांत सगळं शांत झालं. माझ्या मावशीनं मात्र हार्मोन्स घेतले आणि तिला स्तनाचा कॅन्सर झाला. २००२ मध्ये अमेरिकेतला तो मोठा अभ्यास मध्येच थांबवला होता, तो याच कारणानं ना? मग डोस नीट बसवण्यापेक्षा न घेणंच नीट नाही का?

निशिगंध

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, २० वर्षं प्रॅक्टिस. इथे तिघांशीही थोडंथोडं भांडायचं आहे.

रानजाई, तो अभ्यास म्हणजे वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि गर्भाशय असलेल्यांपैकी औषध घेणाऱ्या सगळ्यांना एकच ठरलेली गोळी होती: घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन ०.६२५ मिलिग्रॅम आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) २.५ मिलिग्रॅम. स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३० वरून ३८ झालं. आठ बायका जास्त. मी त्या आठांना क्षुल्लक म्हणणार नाही. पण ४७ व्या वर्षी जेल लावणाऱ्या बाईला तोच आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. ज्यांचं गर्भाशय आधीच काढलेलं होतं आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात तर स्तनाचा कॅन्सर वाढलाच नाही. तुमच्या मावशीचा आजार त्या औषधानंच झाला की नाही, हे मला इथून सांगता येणार नाही. मावशीला झाला होता हे तुमच्या डॉक्टरांना मात्र नक्की सांगा, आणि घ्यायचंच नाही हा तुमचा निर्णय असेल तर तोही योग्यच आहे.

मोगरा, एफएसएचबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. इस्ट्राडिओलची पातळी मात्र अगदीच निरुपयोगी नाही. डोस चढवूनही काहीच फरक पडत नसेल, तर जेल कातडीतून आत जातंय का हे बघायला मी ती करते. त्याआधी विचारते की कुठे लावता? एकीनं सांगितलं, आंघोळीआधी लावते, म्हणजे सकाळी वाया जाऊ नये. ते धुऊनच जात होतं. दुसरी पोटऱ्यांना क्रीम चोपडून त्यावर जेल लावायची. आधी लावायची पद्धत सुधारायची, मग डोसाला हात घालायचा.

तुम्हाला दोन महिन्यांत डोस वाढवून हवा होता. मी तीन महिने थांबले असते. शिवाय २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन महिन्यातले १२ दिवस हे नेहमीच्या डोसाला पुरतं. इस्ट्रोजेन बरंच वर गेलं तर प्रोजेस्टेरॉनही वाढवावं लागतं. म्हणून एकटं एक बटण फिरवायची मुभा मी देत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) या औषधांवरचे चौकटीतले बरेचसे इशारे काढायचं ठरवलं, तेव्हासुद्धा गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा ठेवला. तो का ठेवला, ते सातारच्या दादांनी वर लिहिलंच आहे. दादा, पण प्रोजेस्टेरॉननं गरगरणाऱ्या बाईला परत पाठवताना "झोपायच्या वेळी घ्या" एवढं सांगत जा. त्याची गुंगी रात्री कामाला येते. तरीही नाहीच सोसलं तर हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवता येते. तिनं गर्भही राहत नाही. या डोसनं गर्भ राहायचा थांबत नाही, हे ४७ व्या वर्षी कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

शिवार

सगळं वाचलं. एक माप की दोन, यावर भांडायला मिळणं हेही नशीब आहे.

मी बीड जिल्ह्यातली. आमच्याकडे तिशीतल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, २०१९ मध्ये ते विधिमंडळात गाजलं, समिती नेमली गेली. माझी चुलती त्यातलीच. वय ३१ होतं. अंगावरून पांढरं जात होतं म्हणून दाखवायला गेली, तर "पुढे कॅन्सर होईल" म्हणून पिशवी काढली. कोयता बंद राहू नये म्हणून तीही तयार झाली. आता ३९ ची आहे. अंगाची आग होते, गुडघे धरतात, मोळी उचलताना मनगट मोडलं. तिला हार्मोन हा शब्द कुणी सांगितला नाही. डोस जास्त झाला म्हणून काळजी करता तुम्ही. शून्य डोसाचं काय? तिला कुणी विचारायचं?

मोगरा

औषधवाले दादा, तुमचा मुद्दा मानला. मी जेलबद्दल एवढं लिहिलं आणि कॅप्सूल एका ओळीत उरकली. खरं सांगते, फेब्रुवारीत १२ पैकी ४ कॅप्सूल मी स्वतः चुकवल्या होत्या. इन्सुलिनची तुलना मागे घेते.

पण "बाईला विचारा" हे मागे घेत नाही. निशिगंध, तुम्ही जेल कुठे लावता हे विचारता, मला ते कुणीच विचारलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज खुणा करते: वाफ आली की तांबडा टिंब, झोपमोड झाली की निळा, पाळी आली की गोल. दोन महिन्यांची पानं फाडून घेऊन गेले होते. डॉक्टरांनी ती बाजूला सरकवली आणि १४० वर बोट ठेवलं. तिथे मला लागलं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिसरा महिना पुरा करते, जेल आंघोळीनंतर अंग कोरडं करून लावते, आणि पानं पुन्हा घेऊन जाते.

शिवार, तुमच्या चुलतीचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

निशिगंध

शिवार, चुलतीचं डिस्चार्ज कार्ड घरात आहे का बघा, पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाबरोबर असतं बहुतेक. त्यावर नुसती पिशवी काढल्याचं लिहिलंय की दोन्ही अंडाशयंही, ते महत्त्वाचं आहे. अंडाशयं गेली असतील तर तिची पाळी ३१ व्या वर्षीच गेली असं धरायचं. अशा बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन्स द्यायलाच हवेत, हाडांसाठी आणि हृदयासाठीही. डोस बहुतेक वेळा मोगरापेक्षा जास्तच लागेल. पिशवी नाही म्हटल्यावर सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही, नुसत्या इस्ट्रोजेनवर भागतं. कार्ड सापडलं नाही तर सोनोग्राफी करून बघता येईल, आणि तिथे मात्र एफएसएच कामाचं आहे. तिला स्तन चाचपून तपासून घ्या, रक्तदाब बघा, पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का विचारा. मनगट मोडलंय, तर हाडांची तपासणीही याच फेरीत करून घ्या.

शिवार

कार्ड आहे. इंग्रजीत लिहिलंय. उद्या फोटो काढून वाचून घेते.